प्रसादाची करवंटी

"शेतात जातात का या?" डॉक्टरांनी विचारलं आणि मी हसलो.

हसायची ती वेळ नव्हती. रेवती समोरच्या पलंगावर थडथडा उडत होती. अंगावर दोन ब्लँकेटं, वरून माझा स्वेटर, तरी तिचे दात एकमेकांवर आपटत होते आणि पलंगाचा लोखंडी कठडा खणखणत होता. पण घाबरलो की मला हसू फुटतं, ही माझी लहानपणापासूनची खोड. वडील गेले तेव्हाही फुटलं होतं आणि मामाने चारचौघांत कानाखाली वाजवली होती.

"शेतात? ही?" मी म्हणालो. "डॉक्टर, ही सांगलीची. लग्न होऊन आली तेव्हा अंगणातलं गवत बघून विचारत होती, हेच का भात?"

डॉक्टर चौगुले हसल्या नाहीत. पन्नाशीच्या बाई, आखूड केस, बोलणं मोजकं. किडनीच्या आजारातलं कोल्हापुरातलं मोठं नाव. रेवतीच्या ऑपरेशनपासून आम्ही त्यांच्याकडेच होतो.

"ओल्या मातीत हात घातलाय का? लावणी, ओढा, तळं, काही?"

"नाही हो. पावसाळ्यात ती उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. आम्हीच टाकू देत नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. दोन वर्षांपूर्वी रेवतीच्या दोन्ही किडन्या गेल्या. तिची आई आधीच वारलेली, वडिलांना मधुमेह, माझा रक्तगट जुळेना. तेव्हा माझी आई पुढे झाली. सासूने सुनेला किडनी द्यायची तर सरकारी समितीपुढे उभं राहावं लागतं, कुणी दबाव तर आणला नाही ना, हे ते तपासतात. तिथल्या साहेबांनी विचारलं, "आजी, का देताय?" आई म्हणाली, "सून आसा माझी. आणि कित्याक?" साहेबांनी पुढचं काही विचारलंच नाही.

गावात मात्र चेष्टेला ऊत आला. सुना सासूला घराबाहेर काढतात, ही सासू सुनेच्या पोटातच जाऊन बसली, असं बायका पाण्यावर बोलायच्या. आईला ते आवडायचं. "मगे? आता काढून दाखव माका," असं ती रेवतीला म्हणायची आणि रेवती पोटाला हात लावून हसायची.

पण दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही. ती परकी म्हणून तिच्यावर धावून जातं. ते थांबवायचं तर शरीराच्या राखणदारांना गोळ्या देऊन कायमचं पेंगत ठेवावं लागतं. आणि राखणदार पेंगले की कुणीही आत शिरतं. म्हणून आमच्या घराचं आईने सोवळं करून टाकलं होतं. पाणी उकळून, भांडी कढत पाण्यातून काढून, शिळं बंद, कच्ची कोशिंबीर बंद. माझं बाजारात पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथून आलो की मागच्या दारी आंघोळ केल्याशिवाय आत प्रवेश नाही. कुणी पाहुणा शिंकला तर आई तोंडावर सांगायची, "आधी घराक जा, बरो हो, मगे ये." एवढं सगळं करून रेवतीला ताप आला होता.

सकाळी चुलीपुढे बसली आणि तिथेच कुडकुडायला लागली. शेजाऱ्यांच्या जीपमध्ये तिला घातली आणि निघालो. आई पायरीवर उभी होती, तिला मी येऊ दिलं नाही. घाटात दरड येऊन अर्धा रस्ता बुजला होता. जीप उरलेल्या अर्ध्यातून जात असताना रेवतीने डोळे उघडून खाली दरीत पाहिलं आणि परत मिटले. "पडलो तर सगळेच सुटू," ती म्हणाली. तिचा हात हातात धरला होता, तो तव्यासारखा तापला होता.

हॉस्पिटलात तिचं रक्त काढलं, ते बाटल्यांत भरून तपासायला गेलं. त्या बाटल्या उबेत ठेवतात. रक्तात जंतू असेल तर तो वाढतो आणि मग दिसतो. तोपर्यंत अंदाजाने औषध. मला वाटलं, हॉस्पिटलात आलो म्हणजे आता उतार पडेल. उतार पडला नाही. दुसऱ्या दिवशी तिला अतिदक्षता विभागात हलवलं, नाकातोंडावर मास्क आला. रक्तदाब खाली जायला लागला. त्यानंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"रक्तात काहीतरी वाढतंय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"लॅबवाल्यांना नक्की सांगता येत नाही. त्यांचं म्हणणं, सुई टोचताना कातडीवरचा एखादा साधा जंतू बाटलीत गेला असेल. असेलही. पण साध्या जंतूने माणूस असा खाली जात नाही."

"मग हा कुठला?"

"मला माहीत नाही."

माझ्या दुकानात मी "माहीत नाही" म्हटलं की गिऱ्हाईक पंप उचलतं आणि पलीकडच्या दुकानात जातं. रेवतीला उचलून मी कुठे नेणार होतो? मी जिन्यात जाऊन बसलो.  इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नव्हतो. चोर दिसला तर त्याला काठी मारता येते. हा दिसतच नव्हता, त्याला नावही नव्हतं, आणि तो तिच्या रक्तातून सगळीकडे हिंडत होता.

भेटायच्या वेळेत आत गेलो. रेवतीचे ओठ फुटले होते. मला बघून तिने बोटांनीच जवळ बोलावलं.

"अहो, आईंना काही कळवू नका. घाबरतील."

"आई घाबरेल? ती फुरशाला चिमट्यात धरून कुंपणापलीकडे टाकते."

"हसवू नका, छातीत दुखतंय." मग म्हणाली, "किडनी जाईल का हो?"

"तू आधी बरी हो."

"आईंची आहे ती," रेवती म्हणाली. दोन वर्षांत ती एकदाही 'माझी किडनी' म्हणाली नव्हती. औषधाची वेळ झाली की म्हणायची, आईंची गोळी घेते. मी काहीतरी पुटपुटलो आणि तिच्या कपाळावरचा घाम पुसला. घाम थंड होता. सिस्टरने मला बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी आणलं नव्हतं. गुरं शेजाऱ्यांच्या हवाली करून, एसटी बदलत बदलत, घाटातली दरड पायी ओलांडून ती एकटी आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं, काखेत पिशवी. दारावरच्या रखवालदाराने "आजी, एकावेळी एकच जण" म्हटलं, तर ती त्याला म्हणाली, "मी अर्धी आतच आसंय," आणि सरळ आत गेली. बिचारा बघतच राहिला. मी तिच्या मागे धावलो.

रेवतीला बघून आईच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तोंडाने मात्र तिने तसं दाखवलं नाही. पलंगाशी उभी राहून तिने डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, लेकरू तुझ्या पायार आसा. काय वाईट वंगाळ आसात तर भायर काढ आणि हिका माझ्या पदरात घाल रे म्हाराजा." आजूबाजूला यंत्रं टिकटिकत होती. मग तिने पिशवीतून केळीच्या पानात बांधलेली करवंटी काढली. पान सोडलं. आत ओला काळपट चिखल होता.

"आई, हे काय?"

"काय म्हणजे? चिखलकाल्याचो परसाद. घरात होतो थोडो रवलेलो, पाणी शिपडून ओलो ठेवललंय."

आमच्या वाडीत कृष्णाचं देऊळ आहे. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या अंगणात चिखलकाला होतो. भर पावसात सगळी वाडी तिथे नाचते, पोरं लोळतात, म्हातारेही मागे राहत नाहीत. खेळ संपला की त्यातला मूठभर चिखल घरी न्यायचा आणि ज्याचं जे दुखतं तिथे लावायचा. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. बाहेरून येताना पायाला मातीचा कण असला तरी आई मला उंबऱ्यावर अडवायची, पण हा चिखल देवापुढे पाटावर बसून लावला जायचा. तो आम्ही कुणी मातीत धरतच नव्हतो. डॉक्टरांनी मला मातीचं विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे शेत आलं, ओढा आला, तळं आलं. हा चिखल आलाच नाही.

आईने बोट चिखलात बुडवलं. "त्या दिसा पायाक लायलंय तेवा तिका बरा वाटला होता. आज कपाळाक लावतंय."

"काय चाललंय?" मागून आवाज आला. डॉक्टर चौगुले दारात उभ्या होत्या.

आता बाई आईला फाडून खाणार, असं मला वाटलं. आईला कुणी बोललेलं मला सहन होत नाही, म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीत होतो.

"परसाद आसा, बाई," आई म्हणाली. "देवाचो चिखल."

डॉक्टरांनी करवंटीकडे बघितलं.  मग अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, हा आधी लावला होता यांना?"

"होय तर. पायाक. हय बघा."

आईने रेवतीच्या नडगीवरची चादर बाजूला केली. तिथे कसलासा किडा चावला होता, खाजवून त्याची जखम झाली होती. आता ती सुकून काळी पडली होती.

"कधी लावला?"

"काल्याच्या दिसा. झाले धा-बारा दिस. मी माझ्या कुशीक पण लायलंय, जंय किडनी काढल्यानी थंय. माका लगेच उतार पडलो."

"मला देता थोडा?"

आईचा चेहरा उजळला. "घेवा, घेवा. तुमचे पण गुडघे दुखतत?"

डॉक्टरांनी सिस्टरला बोलावून हातमोजे घातले, चिखल एका बाटलीत घेतला, उरलेला पानात बंद करून न्यायला सांगितला. आईचे हात कोपरापर्यंत धुवायला लावले. आणि मग त्या जवळजवळ धावतच बाहेर गेल्या. एवढी मोठी डॉक्टर पळताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"बाई देवभक्त दिसता," आई हात पुसत म्हणाली.

थोड्या वेळाने मला त्यांच्या खोलीत बोलावणं आलं. "बसा," त्या म्हणाल्या. मी उभाच राहिलो.

"काही जंतू ओल्या मातीत राहतात. तुमच्या भागातल्या पावसात ते वर येतात. जखमेतून शिरतात. तुमच्या आईंसारख्या धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही, त्यांच्या शरीराने तो तिथल्या तिथे मारला असेल. रेवतीच्या शरीरात मारणारं कुणी जागं नव्हतं. तो रक्तात गेला, तिथून फुप्फुसात. दुर्मीळ आहे. लॅबमध्ये तो दुसऱ्याच कुणासारखा दिसतो, म्हणून बाजूला टाकला जातो. मी फोन केलाय, पुन्हा बघतायत."

"त्याला औषध आहे?"

"आहे. आपण देत होतो ते त्याला पुरत नाही. दुसरं आत्ताच सुरू केलंय. रिपोर्टची वाट बघायला वेळ नाही."

"वाचेल ती?"

"उशीर झालाय. किती झालाय ते मला आज सांगता येणार नाही." त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "आणखी एक. किडनी सांभाळणाऱ्या गोळ्या मी कमी करतेय. त्यातली एक पूर्णच बंद. तिचे राखणदार उठले पाहिजेत, नाहीतर नुसत्या औषधाने भागणार नाही. पण उठले की ते किडनीवरही धावून जातील. ती जाऊ शकते."

माझी आई बाहेर बाकावर बसली होती. तिच्या कुशीला वीतभर व्रण होता. ती जे देऊन बसली होती ते जायची वेळ आली होती, आणि ती वेळ तिनेच, देवाचं नाव घेऊन, आपल्या बोटाने आणली होती.

"बंद करा गोळी," मी म्हणालो. "पण आईला चिखलाचं सांगू नका."

"मी पेशंटच्या माणसांशी खोटं बोलत नाही."

"खोटं नका बोलू. बोलूच नका."

"मी आपण होऊन सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्यांनी विचारलं तर सांगणार. घरात परत तो चिखल आला तर काय कराल?"

मी दार ओढून बाहेर आलो. संध्याकाळी लॅबचा फोन आला. बाईंचा संशय खरा होता. त्यांनी मला जंतूचं नाव सांगितलं, ते एवढं लांबलचक होतं की मी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. नाव कळल्याने भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. कमी झाली नाही, उलट आता ती दोन बाजूंनी यायला लागली. आत गेलो की रेवतीची, बाहेर आलो की आईची.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. रेवती मला ओळखत नव्हती. एकदा तिने मला मास्तर म्हणून हाक मारली आणि गणित येत नाही म्हणून रडली. रक्तदाब ठेवायला थेंब थेंब औषध चालू होतं. सिस्टर त्याचा वेग वाढवायची तेव्हा मी थेंब मोजत बसायचो. देवाला मी काही मागितलं नाही. कुठल्या तोंडाने मागायचं तेच समजेना. आई बाकावर पाय वर घेऊन बसून राहायची आणि पुटपुटायची. मी तिच्यासाठी जेवण आणायचो, तिच्याकडे न बघता पुढे ठेवायचो.

"बाबल्या," एकदा ती म्हणाली, "तू माझ्याकडे बघीत कित्याक नाय?"

"झोप झाली नाही आई, डोळे चुरचुरतायत."

ती डब्यातला भात कालवत राहिली.

मग हळूहळू वारं फिरलं. आधी थेंबांचा वेग कमी केला, मग ते बंद झाले. ताप चढायचा पण पहिल्याइतका नाही. एका सकाळी रेवतीने मला ओळखलं आणि दाढी करून या म्हणाली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडलो. किडनीचे आकडे मात्र वाढत होते. त्या सकाळच्या फेरीत डॉक्टरांनी रेवतीला सगळं सांगितलं, चिखलापासून गोळ्या बंद करण्यापर्यंत. मी तिच्या पायाशी उभा होतो. तिने डोळे मिटून ऐकून घेतलं. "आईंना माहीत आहे?" एवढंच विचारलं. मी मान हलवली, नाही म्हणून.

त्याच दिवशी दुपारी आई आत बसलेली असताना डॉक्टर पुन्हा आल्या. त्यांनी रेवतीची छाती तपासली, आकडे बघितले आणि जायला वळल्या. आई उठून त्यांच्या आडवी उभी राहिली.

"बाई, एक इचारतंय. खरा सांगा."

"विचारा."

"माझ्या चिखलान झाला मा ह्या?"

मी भिंतीला टेकलो. आई पुढे बोलतच होती. "माका काय कळना नाय असा वाटता तुमका? परसाद तुम्ही पिवळ्या पिशवीत घालून टाकलास. सिस्टर माझे हात घासघासून धुता. हो माझो झील माझ्याकडे बघना नाय. मी तिका माझ्या आंगातली वस्तू दिलंय ती काय माझ्याच हातान मारूक? सांगा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला आधीच बजावलं होतं, त्यामुळे माझी तक्रार नव्हती. त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं.

"नाही आई."

रेवतीने मास्क खाली ओढला होता. आवाज असा फाटलेला होता की तिचा वाटेना.

"चिखलाने नाही. मी शेतात गेले होते."

 यंत्राने मास्क निघाल्याची शिटी सुरू केली.

"शेतात?" आई म्हणाली. "खंयच्या?"

"वरच्या." रेवतीला एका शब्दासाठी दोनदा श्वास घ्यावा लागत होता. "वरच्या कुणग्यात. लावणी बघायला."

कुणगा म्हणजे आमच्याकडे भाताचा वाफा. आमचे दोन. एक घराशेजारी आणि दुसरा ओढ्याच्या वर, टेकाडाआड. शेती सगळी आईची, मी पंपात डोकं घालणारा माणूस, वरच्या कुणग्याकडे वर्षात एकदाही माझं जाणं होत नसे. रेवतीला तर तो कुठे आहे हेही धड माहीत नव्हतं. आईच्या बोलण्यात यायचा तेवढाच.

आई तिच्याकडे बघत राहिली.

"वरच्या कुणग्यात," ती म्हणाली.

"हो."

"लावणी बघूक."

"हो आई. अनवाणी गेले. तुम्ही देवळात होता तेव्हा." रेवतीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चुकलं माझं."

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी रेवतीचा मास्क नीट बसवला, शिटी बंद केली आणि आईकडे वळून म्हणाल्या, "आजी, शेतातली असो, अंगणातली असो, देवळातली असो. यापुढे यांना कुठलीच माती लावायची नाही. एवढं तुम्ही सांभाळा."

"सांभाळतंय," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

डॉक्टर गेल्या. आई पलंगाच्या कडेला बसली. तिने पदराने स्वतःचं तोंड पुसलं, मग त्याच पदराने रेवतीचे डोळे पुसले. आणि मग तिने तोंड सोडलं.

"तुका कोणी सांगल्यान गो थंय मरूक जावक? लावणी बघतली म्हणता! सांगलीत तुका बघूक काय नाय होता? माझी किडनी घेवन चिखलात नाचता! आणि अनवाणी! पायातल्यो वहाणो काय माळ्यार ठेवूक हाडल्यानी तुका? लाज नाय वाटत? बरी हो, बरी हो तू, मगे तुका दाखवतंय!"

सिस्टर धावत आली. आई थांबेना. मास्कच्या आत रेवती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं, तिने आईचा हात घट्ट धरून ठेवला होता. आईचं तोंड सुटलेलं ऐकून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. वाटलं, सुटलो. रेवती वाचली आणि आईही वाचली. त्या हाडांच्या सापळ्याने श्वास नसताना केवढी मोठी थाप मारली, आणि आईला ती पटली.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं. मी कपडे आणायला गावी आलो. आंघोळ करून बाहेर पडतो तर शेजारचे सोमाकाका म्हशी घेऊन अंगणातून चालले होते. त्यांनी रेवतीची चौकशी केली, बरं आहे ऐकून हात जोडले.

"म्हशी कुठे नेताय?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"वरच्या कुणग्यात. तुझ्या आयेनच सांगल्यान मिरगात. म्हणाली, सोमा, यंदा माझ्यान वर चढूक होवचा नाय, कुशीत चमकता. वरचो कुणगो पडीक ठेवतंय, तुझ्यो म्हशी चरांदेत."

मी काकांच्या मागोमाग ओढा ओलांडून वर गेलो. कुणग्यात नांगर फिरलाच नव्हता. गवत मांडीएवढं वाढलं होतं, त्यात म्हशी पोटापर्यंत बुडून चरत होत्या. लावणीची एक काडी नव्हती. मी बांधावर बसलो. काका काहीतरी बोलत होते, ते मला ऐकू येत नव्हतं. आईनेच पडीक ठेवलेल्या कुणग्यातली लावणी रेवतीने बघितली होती, आणि आईने तिला लावणी बघितल्याबद्दल शिव्या घातल्या होत्या.

रेवती घरी आली. किडनी गेली नाही, पहिल्यासारखीही राहिली नाही, पण तिच्यावर आमचं चाललं. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दर आषाढात देवळात जायची, चिखलकाला लांबूनच बघायची आणि रिकाम्या हातांनी, पाय खसाखसा धुवून घरात यायची. आणि रेवतीला बोलल्याशिवाय तिचा पावसाळा जायचा नाही. आल्यागेल्याला सांगायची, "ही बघा आमची शेतकरीण, लावणी बघूक गेल्ली!" रेवती मान खाली घालून म्हणायची, "चुकलं आई." एकदाही दुसरं काही बोलली नाही.

एकदाच मी आईला विचारलं. ती पडवीत सुपारी कातरत होती. मी शेजारी बसलो आणि हळूच म्हणालो, "आई, त्या वर्षी वरचा कुणगा पडीक होता ना गं?"

अडकित्ता थांबला. आईने माझ्याकडे बघितलं, मग आत स्वयंपाकघराकडे, जिथे रेवती भाकऱ्या थापत होती.

"तुका रे शेतीतला काय कळता?" आई म्हणाली. आणि आत ऐकू जाईल एवढा आवाज चढवून म्हणाली, "गो रेवती, अनवाणी आसंस काय? घाल त्यो वहाणो पायात! एकदा मरान दाखवलंस तेवढा पुरे!"

"घातल्यात आई," आतून रेवती म्हणाली.